कावीळ नेमकी कोणती? हिपॅटायटीस कुणाला होतो, कसा पसरतो आणि कोणत्या तपासणीत सापडतो

डोळे पिवळे दिसले, लघवी गर्द झाली, जेवणाचा वास नकोसा झाला की गावाकडं 'कावीळ झाली' म्हणतात आणि विषय तिथंच थांबतो. पुढचा प्रश्न, कोणती कावीळ, हा फारसा कुणी विचारत नाही. आणि सगळा घोळ तिथंच होतो.

कावीळ हा आजार नाही, ते लक्षण आहे. रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. ते बाहेर टाकायचं काम यकृताचं, म्हणजे लिव्हरचं. लिव्हर सुजलं किंवा पित्ताची वाट बंद झाली की हे द्रव्य अंगात साचतं आणि आधी डोळ्यांत दिसतं. दारूनं लिव्हर खराब झालं तरी कावीळ होते, पित्ताच्या खड्यानं होते, टीबीच्या काही गोळ्यांनीही होऊ शकते. विषाणूमुळे लिव्हरला सूज येते तेव्हा त्याला व्हायरल हिपॅटायटीस म्हणतात. त्याचे पाच प्रकार आहेत: ए, बी, सी, डी आणि ई. ए आणि ई पाण्यातून व अन्नातून येतात. बी आणि सी रक्तातून येतात. डी एकटा येत नाही, ज्याला बी आहे त्यालाच तो होऊ शकतो.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की बी आणि सी असलेल्या बहुतेक माणसांना डोळे पिवळे होईपर्यंत काहीच कळत नाही. पंधरा-वीस वर्षं माणूस शेतात राबतो, लग्न होतं, पोरं होतात, आणि एके दिवशी पोटात पाणी झालं म्हणून तालुक्याला नेलं तेव्हा लिव्हर आकसलेलं निघतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात हिपॅटायटीस बी असलेले सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सी असलेले सुमारे ५५ लाख लोक होते. यातल्या बहुतेकांना आपल्याला हा आजार आहे हेच माहीत नाही.

पाण्यातून येणारी कावीळ

गावात एकाच आळीत, एकाच नळावरच्या चार-पाच घरांत कावीळ दिसली तर ती ए किंवा ई समजावी. रुग्णाच्या विष्ठेतला विषाणू पाण्यात जातो आणि ते पाणी दुसऱ्याच्या पोटात जातं, एवढाच याचा मार्ग. पाइपलाइन गटारातून किंवा गटाराशेजारून गेलेली असते. पाणी दिवसाआड सुटतं. पाणी बंद झालं की रिकामा पाइप गळतीच्या जागेतून आजूबाजूची घाण आत ओढून घेतो, आणि पुढच्या पाळीला ती घाण थेट घागरीत येते. म्हणून नळ सुटल्यावरचं पहिलं गढूळ पाणी भरून ठेवू नये.

देशात याचे मोठे दाखले आहेत. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. १९९१ मध्ये कानपूरला हा आकडा ७९ हजारांच्या घरात गेला. आपल्या राज्यात २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत मोठी साथ आली. या तिन्ही ठिकाणी दोषी होता हिपॅटायटीस ई. दिल्लीच्या साथीवेळी तर या विषाणूला नावही नव्हतं. साठवून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून ते पुढे कित्येक वर्षांनी कळलं.

ए बहुधा लहान पोरांना होतो आणि बऱ्याचदा साध्या तापासारखा निघून जातो. मोठ्या वयात झाला तर जास्त दमवतो. ई मात्र तरुण आणि मध्यमवयीन माणसांना गाठतो. दूषित पाणी पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत ए ला दोन ते सात आठवडे लागतात, ई ला दोन ते दहा. म्हणजे आज डोळे पिवळे झाले तर दोष कालच्या रसवंतीचा नसतो, तो महिन्यापूर्वीच्या पाण्याचा असतो. पाइपलाइन कधी फुटली होती, टँकर कुठून भरला होता, हे आठवावं लागतं ते यासाठी.

दोन्ही प्रकार बहुतेक माणसांत काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. अपवाद एक, आणि तो मोठा आहे: गरोदर बाई. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटीस ई झाला तर १०० पैकी २० ते २५ बायका दगावू शकतात. 'साधी कावीळ आहे, उतरेल' असं गरोदर लेकी-सुनेच्या बाबतीत कधीच म्हणू नये. त्याच दिवशी दवाखाना.

साथीच्या वेळी ग्रामपंचायतीकडं दोन गोष्टी मागाव्यात. विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर रोज पडते का, आणि शेवटच्या घराच्या नळावर ओटी टेस्ट होते का. टाकीजवळच्या नळाला क्लोरीन दिसतो आणि गावाच्या टोकाला तो शून्य असतो, हे बऱ्याच गावांत चालतं. टोकाच्या नळाला प्रति लिटर किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. पाण्यात घाण जास्त असेल तर ती क्लोरीन खाऊन टाकते, म्हणून पावडर टाकूनही टेस्ट कोरी येते. तेव्हा गळती शोधायची, नुसती पावडर वाढवून भागत नाही. तुरटी फिरवली की पाणी निवळतं, पण विषाणू मरत नाही. घरात खात्रीचा उपाय एकच, पाणी खळखळ उकळू द्यायचं.

सुईतून, रक्तातून येणारी कावीळ

इथं चित्र वेगळं आहे. बी आणि सी ची साथ गावभर एकदम दिसत नाही, ती एकेका माणसात मुरत राहते. पण कधी कधी ती उसळते. २००९ च्या सुरुवातीला गुजरातमधल्या मोडासा परिसरात, तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यात, हिपॅटायटीस बी चा उद्रेक झाला. शेकडो रुग्ण, अनेक मृत्यू. तपासात धागा निघाला तो इंजेक्शनचा. दवाखान्यात एकच सिरिंज अनेकांना वापरली गेली होती, आणि वापरलेल्या सिरिंज पुन्हा बाजारात येत असल्याचंही त्यावेळी उघड झालं. मेलेली माणसं साध्या ताप-खोकल्याचं इंजेक्शन घ्यायला गेली होती.

हा किस्सा गुजरातचा असला तरी सवय आपलीही तीच आहे. अंग दुखतंय, सुई मारा. थकवा आलाय, सलाईन लावा. डॉक्टरनं गोळ्याच दिल्या तर 'हा काय डॉक्टर' म्हणून माणसं दुसरीकडं जातात. जे दुखणं गोळीनं बरं होतं त्याला सुईची गरज नसते, आणि दर अनावश्यक सुईमागे धोका वाढतो. पंजाबात हिपॅटायटीस सी एवढा पसरला की २०१६ मध्ये तिथल्या सरकारला मोफत उपचारांची वेगळी योजना काढावी लागली, आणि त्या पसरण्यामागच्या मोठ्या कारणांत अशीच असुरक्षित इंजेक्शनं होती.

सुई नवी आहे पण सिरिंज तीच, हेही चालत नाही. औषध ओढताना आणि टोचताना रक्ताचा बारीक अंश सिरिंजमध्ये जातो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. पाकीट आपल्यासमोर फाडायला सांगावं. टोचून झाल्यावर मोडलेली आणि डब्यात टाकलेली पाहावी. यात डॉक्टरचा अपमान नाही.

बी चा विषाणू चिवट आहे. अंगाबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या डागातही तो किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. लस न घेतलेल्या माणसाला बी च्या रक्ताची सुई टोचली तर १०० पैकी ३० पर्यंत जणांना लागण होऊ शकते. सी साठी हे प्रमाण दोनच्या आसपास, आणि ज्याला सगळे घाबरतात त्या एचआयव्हीसाठी ०.३. आकडे पाहिले तर भीती कुणाची जास्त बाळगायला हवी ते कळतं.

सुईशिवायचे मार्गही आहेत. जत्रेत एकाच सुईनं पंचवीस जणांच्या हातावर काढलेलं गोंदण किंवा टॅटू. सलूनमध्ये न बदललेलं ब्लेड. एकाच घरात सगळ्यांचा एक रेझर, एक टूथब्रश. कान-नाक टोचणं. असुरक्षित शारीरिक संबंध, यातून बी जास्त आणि सी कमी पसरतो. आणि आईकडून बाळाला, ज्याबद्दल पुढं वेगळं सांगायला हवं.

कुणी त्रास नसतानाही तपासून घ्यावं

त्रास झाला की तपासू, ही पद्धत या आजारात चालत नाही. ज्यांचा धोका जास्त आहे त्यांनी ठणठणीत असतानाच तपासणी करायची असते.

ज्यांना वारंवार रक्त चढतं ते पहिले. थॅलेसेमियाची मुलं, सिकलसेलचे रुग्ण (गडचिरोली, नंदुरबारसारख्या आदिवासी भागात हे बरेच आहेत), डायलिसिसवरचे रुग्ण. रक्तपेढ्यांमध्ये बी आणि सी ची तपासणी सक्तीची आहे, पण सी ची सक्ती २००० नंतर आली. म्हणजे नव्वदच्या दशकात बाळंतपणात, अपघातात किंवा ऑपरेशनला ज्यांना रक्त चढलं होतं त्यांनी आज एकदा सी तपासलेला बरा. हे लोक आता पन्नाशी-साठीत आहेत आणि त्यांना कुणी हे सांगितलेलं नाही.

नशेची इंजेक्शनं घेणारे, एचआयव्ही असलेले, तुरुंगात राहून आलेले, देहविक्रय करणाऱ्या महिला, ट्रकवर महिनोन् महिने बाहेर असणारे, यांच्यात प्रमाण जास्त आढळतं. तपासणीसाठी आलेल्या अशा माणसाला हिणवलं तर तो पुन्हा येत नाही आणि आजार गावातच फिरत राहतो.

दवाखान्यात काम करणारे आलेच: नर्स, लॅबवाले, आणि ज्यांना कुणी धरत नाही ते सफाई कामगार, घंटागाडीवाले, भंगार वेचणारे. कचऱ्यातली सुई टोचली तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं धुवायची, दाबून रक्त काढत बसायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जायचं. बी विरुद्धचं तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन जितकं लवकर, शक्यतो २४ तासांत, मिळेल तितका उपयोग.

आणि ज्याच्या घरात कुणाला हिपॅटायटीस बी निघालाय ते सगळं घर. नवरा-बायको, मुलं, भावंडं. एकाची तपासणी पॉझिटिव्ह आली की बाकीच्यांची करायची आणि ज्यांची निगेटिव्ह येईल त्यांना लस द्यायची. मोठ्या माणसाला तीन डोस लागतात: आज, एका महिन्यानं, सहाव्या महिन्यात. सी ला अजून लस नाही.

कार्ड टेस्ट आणि रिपोर्ट वाचायची रीत

बहुतेक गावकऱ्यांना आपला आजार दोनच ठिकाणी कळतो. एक, शिवजयंती-गणपतीच्या रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीतून फोन येतो. दोन, आखाती देशात नोकरीला निघालेल्या पोराच्या मेडिकलमध्ये नाव अडकतं, कोकणातली कितीतरी घरं हे जाणतात. दोन्ही वेळा माणूस हबकतो, कारण कागदावर काय लिहिलंय ते समजत नाही.

बी साठी पहिली तपासणी एचबीएसएजी. बोटातून थेंबभर रक्त, छोटं कार्ड, पंधरा-वीस मिनिटांत उत्तर. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे विषाणू अंगात आहे. सहा महिन्यांनी पुन्हा पॉझिटिव्ह आली तर तो मुक्कामाला राहिलाय, म्हणजे क्रॉनिक. इथं एक गोंधळ नेहमी होतो. रिपोर्टवर 'अँटी-एचबीएस' पॉझिटिव्ह लिहिलं असेल तर ती चांगली बातमी आहे, त्या माणसाला लसीनं किंवा जुन्या लागणीतून संरक्षण मिळालंय. नावं सारखी दिसतात, अर्थ उलटा आहे.

सी साठी पहिली तपासणी अँटी-एचसीव्ही. ती पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी येऊन गेला किंवा अजून आहे. नेमकं कोणतं ते एचसीव्ही आरएनए तपासणीत कळतं. काही जणांचं शरीर सी ला स्वतःच हुसकावतं, त्यांची पहिली तपासणी जन्मभर पॉझिटिव्ह येत राहते पण आजार नसतो. त्यामुळे नुसत्या कार्डवरून औषध सुरू करू नये, आणि रडतही बसू नये.

निगेटिव्ह रिपोर्टलाही मर्यादा असते. लागण झाल्यावर बी दिसायला साधारण महिना, कधी दोन महिने लागतात, सी च्या प्रतिपिंडांना दोन-तीन महिने. गेल्या आठवड्यात सुई टोचली आणि आज तपासणी निगेटिव्ह आली, तर ती धरायची नाही. पुन्हा करावी लागते.

ए आणि ई साठी वेगळी तपासणी आहे, आयजीएम नावाची. साथ आली की आरोग्य विभाग काही रुग्णांचं रक्त गोळा करून ती करतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं, म्हणजे एनआयव्हीनं, यावर फार जुनं आणि मोठं काम केलंय. गावात आठवडाभरात दोन-तीन काविळी दिसल्या तर आशाताईंच्या कानावर घालावं. साथ ओळखायची सुरुवात तिथूनच होते.

आई आणि बाळ

हिपॅटायटीस बी मोठेपणी झाला तर १०० पैकी ९५ जणांचं शरीर त्याला काही महिन्यांत हरवतं. तोच जन्मावेळी बाळाला झाला तर उलटं होतं, दहातल्या नऊ बाळांत तो कायमचा राहतो. ते बाळ तिशी-चाळिशीत लिव्हरचा रुग्ण होतं. देशातला बी चा मोठा साठा असाच तयार झालाय.

हे थांबवणं अवघड नाही. गरोदरपणात एकदा एचबीएसएजी तपासायचं. पॉझिटिव्ह आलं तर बाळंतपण दवाखान्यातच, आणि बाळाला २४ तासांच्या आत हिपॅटायटीस बी ची लस, सोबत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. विषाणूचं प्रमाण जास्त असेल तर शेवटच्या महिन्यांत आईला टेनोफोविरची गोळी देतात. आई निगेटिव्ह असली तरी पहिल्या २४ तासांची लस प्रत्येक बाळाला द्यायचीच असते, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट. पॉझिटिव्ह आईनं अंगावर पाजायला हरकत नाही.

अडचण येते ती ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांत. दिवाळीनंतर घर सोडलं की तपासण्या अर्धवट राहतात, कार्ड गावातच राहतं, आणि बाळंतपण कधी कधी फडावरच होतं. पहिल्या २४ तासांचा डोस तिथं चुकतो आणि तो नंतर भरून निघत नाही. निघण्याआधी आशाताईंकडून माता-बाल संरक्षण कार्ड घ्यायचं, त्यावर एचबीएसएजीचा निकाल लिहून घ्यायचा, आणि कारखान्याजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कोणतं ते मुकादमाला विचारून ठेवायचं. फडावर बाळंत झालीच तर आधी बाळ घेऊन तिथं जायचं, बारशाचं नंतर बघता येईल.

उपचार, आणि माळ

कावीळ उतरवणारा बहुतेक तालुक्यांत असतो. कुणी गळ्यात माळ घालतो, ती दिवसागणिक लांबते. कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो, पाणी पिवळं होतं. कुणी नाकात रस टाकतो, कुणी मनगटावर डाग देतो. यातल्या अनेकांना गुण येतो, कारण ए आणि ई ची कावीळ तशीही महिन्या-दीड महिन्यात उतरणारच असते. माळ घातली नसती तरी उतरली असती. ज्याला बी किंवा सी आहे, ज्याच्या पित्ताच्या नळीत खडा आहे, किंवा जी बाई गरोदर आहे, तिथं हा महिना हातचा जातो. नाकातल्या रसानं आणि डागानं वेगळी इजा होते ती निराळीच.

पाण्यातल्या काविळीला खास औषध नाही. विश्रांती, भरपूर उकळलेलं पाणी, पचेल ते सगळं जेवण. हळद-तेल पूर्ण बंद करून नुसत्या उसाच्या रसावर माणूस ठेवायची गरज नाही, आणि रस्त्यावरच्या रसात बर्फ कुठला असतो ते सगळ्यांना माहीत आहे. दारू बंद. अंगदुखीच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. रुग्ण असंबद्ध बोलू लागला, दिवसभर झोपून राहू लागला, उलटीतून रक्त आलं किंवा पोट फुगलं तर १०८ ला फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही.

सी चं औषध मात्र गेल्या दहा-बारा वर्षांत पार बदललं. पूर्वी वर्षभर इंजेक्शनं, त्रास फार आणि गुण निम्म्यांना. आता बहुतेक रुग्णांना सोफोस्बुविर आणि डॅक्लाटास्विर या गोळ्या १२ आठवडे, आणि १०० पैकी ९५ च्या आसपास रुग्ण पूर्ण बरे होतात. लिव्हर आधीच आकसलं असेल तर गोळ्या बदलतात किंवा मुदत वाढते. औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए तपासायचं, ते निगेटिव्ह आलं की सुटका.

बी मुळासकट जात नाही, पण टेनोफोविरसारख्या रोजच्या गोळीनं तो दाबून ठेवता येतो. प्रत्येक पॉझिटिव्ह माणसाला गोळी लागतेच असं नाही. विषाणू किती आहे आणि लिव्हर किती सुजलंय यावर डॉक्टर ठरवतात. गोळी लागत नसली तरी दर सहा महिन्यांनी तपासणीला जावं लागतं, आणि सुरू केलेली गोळी मनानं बंद करणं धोक्याचं, आजार एकदम उसळू शकतो.

पॉझिटिव्ह माणसाचं ताट-वाटी वेगळं करायचं काहीच कारण नाही. एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं, शिंकल्यानं बी-सी पसरत नाही. त्याचा रेझर, नेलकटर, टूथब्रश वेगळा, जखम झाकलेली, बस्स. लग्न ठरलेल्या मुलीचं लग्नही यासाठी मोडावं लागत नाही. होणाऱ्या जोडीदारानं तपासून घ्यायचं आणि लसीचे तीन डोस पूर्ण करायचे.

या सगळ्या तपासण्या आणि औषधं राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात मोफत आहेत. हा कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. बी चा विषाणू शोधणारे आणि १९७६ चं नोबेल मिळालेले बारूक ब्लूमबर्ग यांचा जन्मदिवस तोच, म्हणून २८ जुलै हा जागतिक हिपॅटायटीस दिनही. उपचार केंद्र जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात असतं. ग्रामीण रुग्णालयात कार्ड टेस्ट आहे का ते आशाताईंना किंवा १०४ वर विचारून मगच एसटीचं भाडं खर्च करावं. जाताना आधार कार्ड, जुने सगळे रिपोर्ट आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. मग त्या शुगरच्या असोत, टीबीच्या, किंवा झाडपाल्याच्या.